३८ ओहम की ५२९?

नागपूरच्या एका आयटीआयमध्ये मी इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतो. ओहमचा नियम पोरं दहावीतूनच पाठ करून येतात: व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स, गुणलं की पॉवर. हिशेब कुणाचा फारसा चुकत नाही. पण त्या भागाकारातून जो आकडा निघतो तो नेमका कोणाचा, हा प्रश्न मला थेट धम्माचा वाटतो आणि वर्गात तो टाळून पुढे जाणं मला पटत नाही.

जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब घ्या. सिरीज बोर्डसाठी वर्कशॉपमध्ये आम्ही असे बल्ब अजून जपून ठेवतो. थंड बल्बला मल्टिमीटरची टोकं लावली तर ३८ ओहम दिसतात. त्यावरून २३० व्होल्टचा हिशेब मांडला की करंट येतो ६ अँपिअर आणि पॉवर जवळजवळ १,४०० वॅट, म्हणजे पाणी तापवायच्या रॉडएवढी. आता तोच बल्ब होल्डरमध्ये लावा. मीटर दाखवतो ०.४३५ अँपिअर. २३० ला त्याने भागलं की ५२९ ओहम, गुणलं की बरोबर १०० वॅट.

यावर दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, मग खरा रेझिस्टन्स कोणता?"

पुस्तकातलं उत्तर सोपं आहे. पेटलेली फिलामेंट अडीच हजार अंशांच्या आसपास तापते, टंगस्टनचे अणू जोरात थरथरतात, इलेक्ट्रॉनांची वाट अडते, रेझिस्टन्स वाढतो. हे खरंच आहे. पण पोराला वेगळंच काही विचारायचं असतं. बल्बच्या पोटात एकच आकडा कोरलेला असणार आणि मीटरने तो एकदा नीट वाचला, एकदा चुकीचा, असं त्याच्या मनात असतं. मी त्याला सांगतो की ३८ चुकीचा नव्हता. बटण दाबल्यावर पहिल्या काही मिलिसेकंदांत करंट खरोखरच कित्येक अँपिअरवर उसळतो. जुने बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच उडतात ते त्यामुळेच. आणि मल्टिमीटरलाही रेझिस्टन्स काही दिसत नसतो. तो आपल्या बॅटरीतून थोडासा करंट सोडतो, व्होल्टेज मोजतो आणि आपल्यासारखाच भागाकार करतो. व्होल्टेज नाही, करंट नाही आणि नुसता रेझिस्टन्स समोर आहे, असं कुणीही कधी पाहिलेलं नाही.

रामटेकच्या टेकडीशी आमच्याकडे आचार्य नागार्जुनांचं नाव जोडतात. त्यांच्या मूलमध्यमककारिकेत स्वभावाच्या परीक्षणाचं एक अख्खं प्रकरण आहे. त्यांची कसोटी कडक आहे: स्वभाव म्हणायचा तर तो कुणी घडवलेला नसावा आणि दुसऱ्या कशावर अवलंबून नसावा. या कसोटीवर ५२९ टिकत नाही. तो व्होल्टेजवर अवलंबून आहे, तापमानावर आहे, आत भरलेल्या वायूवर आहे. काचेवर छापलेलं पाहा. नुसतं १०० वॅट कधीच नसतं, शेजारी २३० व्होल्ट असतंच. उन्हाळ्यात खेड्यावर १८० व्होल्ट मिळाले की त्या १०० वॅटचे १०० राहत नाहीत. रेझिस्टन्स ५२९ च धरला तर ६१ वॅट येतात. पण फिलामेंट कमी तापल्याने रेझिस्टन्सही उतरतो आणि पॉवर ६१ च्या थोडी वर राहते. एक हललं की सगळंच हलतं.

हुशार पोरगं इथे अडवतं. "पण सर, टंगस्टन ते टंगस्टन अन् तांबं ते तांबं. त्यांचं स्वतःचं काहीतरी असंलच ना?" आक्षेप दमदार आहे. तांब्याचा विशिष्ट रोध टंगस्टनच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, हे कोणत्याही तक्त्यात सापडतं. पण त्याच तक्त्याच्या डोक्यावर '२० अंश सेल्सियसला' असंही लिहिलेलं असतं. १९११ मध्ये लायडनच्या प्रयोगशाळेत कामरलिंग ओनेस यांनी पारा थंड करत ४.२ केल्विनपर्यंत नेला, तेव्हा त्याचा रेझिस्टन्स एकाएकी नाहीसाच झाला. पारा होता तसाच होता. ज्याला त्याचा अंगचा गुण म्हणायचो तो मात्र उरला नाही.

खुद्द ओहमनेही आधी परिस्थितीच बांधून घेतली होती. कोलोनच्या शाळेत शिकवत असताना त्याच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज सारखं ढळायचं. म्हणून त्याने तांबं आणि बिस्मथचा सांधा वापरला, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात. त्या दोन स्थिर तापमानांच्या आधाराने त्याला नियम सापडला, आणि १८२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो. एक नातं दिसावं म्हणून बाकीची सगळी नाती त्याने जिवापाड धरून ठेवली.

विहारात पौर्णिमेला मी हे बोललो तेव्हा एक काकाजी अस्वस्थ झाले. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलेला आहे, आत्मा नाही हे त्यांना पूर्ण मान्य आहे. तरी म्हणाले, "सर, स्वभावच नाही म्हणता, तर मंग माणसाच्या कर्माचं काय? सगळं हवेतच की!"

मी म्हटलं, "काकाजी, बल्बला स्वभाव नाही म्हणून शॉक लागायचा राहतो का?" शून्य म्हणजे काहीच नाही, असं नागार्जुन म्हणत नाहीत. अवलंबून असणं, यालाच ते शून्यता म्हणतात. १०० वॅट ना एकट्या बल्बचे, ना एकट्या व्होल्टेजचे. दोन्ही एकत्र आले की ते होतात, आणि झाले की खरेच असतात. दहा तास बल्ब जळला की एक युनिट पडतं. ते युनिट बल्बचं की लाईनीचं, याचा निवाडा झाला नाही म्हणून मीटर थांबत नाही. आपण रागाने बोललेला शब्दही तसाच, समोरचा आणि आपण मिळून झालेला, आणि तरीही लागलेला. स्वभावाला औषध नाही असं आपण म्हणतो, पण धम्मात शील सांगितलंय, अभ्यास सांगितलाय. बदलणारच नसतं तर ते कशाला सांगितलं असतं?

काकाजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण ३८ वरून ५२९ वर जायला तापावं लागते, सर." हे मला सुचलं नव्हतं. पुढच्या पौर्णिमेला यावर त्यांनीच बोलावं, असं आम्ही ठरवलं आहे.