दुसऱ्याच्या वतीने पाहताना

आपण पाहिलेले दुसऱ्याला सांगणे ही नित्याची गोष्ट आहे. परंतु ऐकणाऱ्याला ते स्वतः पडताळून पाहता येत नसेल, तर या साध्या गोष्टीला नैतिक जबाबदारीचे स्वरूप येते. इंटरनेटवरील चित्रफिती अंध व कर्णबधिर व्यक्तींना सुलभ करून देण्याच्या कार्यात ही जबाबदारी पदोपदी समोर उभी राहते.

या कार्याची दोन प्रमुख साधने आहेत. संवादांच्या मधल्या मोकळ्या क्षणांत पडद्यावरील दृश्य शब्दांनी सांगणे म्हणजे ध्वनिवर्णन. बोललेले शब्द, आणि त्यांबरोबर दारावरची थाप किंवा दुरून येणारे रडणे असे अर्थपूर्ण ध्वनीही, अक्षरांत दाखवणे म्हणजे कॅप्शन. २०११ च्या जनगणनेत दृष्टीचे अपंगत्व असलेल्या सुमारे ५० लाख व श्रवणाचे अपंगत्व असलेल्या सुमारे ५१ लाख व्यक्तींची नोंद झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ ने ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा व कॅप्शन यांची सोय व्हावी म्हणून उपाय योजण्याचे कर्तव्य शासनावर सोपवले. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्णय दिला. तेव्हा ही सोय करावी की नाही, हा प्रश्न आता दयाबुद्धीवर सोडलेला नाही. ती कशी करावी, हा प्रश्न मात्र कायद्याने सुटत नाही.

संदीप सावंत यांचा २००४ साली प्रदर्शित झालेला ‘श्वास’ हा चित्रपट पुष्कळांना आठवत असेल. शस्त्रक्रियेने नातवाचा जीव वाचणार, पण दृष्टी कायमची जाणार, हे कळल्यावर आजोबा त्याला रुग्णालयाबाहेर नेतात आणि उरल्या दिवसात जग दाखवतात. आता कल्पना करावी की, एक अंध प्रेक्षक हा प्रसंग ऐकत आहे. वर्णनकाराने काय सांगावे? ‘आजोबा हताश झाले आहेत’ असे म्हटले, तर त्याने आपला निष्कर्ष प्रेक्षकाच्या हाती दिला. ‘आजोबा नातवाकडे पाहतात व मान वळवतात’ असे म्हटले, तर निष्कर्ष काढण्याचे स्वातंत्र्य प्रेक्षकापाशी राहिले. हा भेद लहान दिसतो; पण दुसऱ्याचे डोळे होणे आणि दुसऱ्याचे मन होणे यांतील सीमारेषा तीच आहे.

यावर कोणी म्हणेल की, पूर्ण तटस्थ वर्णन अशक्य आहे. हे खरे आहे. दोन संवादांमध्ये तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात चेहरा सांगावा की रस्ता, ही निवड करावीच लागते. म्हणूनच निवडीला कसोटी हवी. डोळस प्रेक्षकाला जे कळते, ते त्याच वेळी व तितकेच अंध प्रेक्षकालाही कळावे. पुढचे रहस्य आधी फोडू नये, आणि अवघड वाटते म्हणून काही लपवू नये.

कॅप्शनच्या बाबतीत हा मोह अधिक प्रबळ होतो. पात्राने उच्चारलेली शिवी ऐकणाऱ्याच्या कानी जशीच्या तशी पडते; कर्णबधिर प्रेक्षकाला मात्र तिच्या जागी सौम्य शब्द किंवा फुल्या मिळतात. हेतू सभ्यतेचा असतो. पण तो शब्द अयोग्यच असेल, तर तो सर्वांसाठी काढावा. ऐकणाऱ्यांना एक नियम आणि न ऐकणाऱ्यांना दुसरा, असे करणे म्हणजे प्रौढ माणसाला मूल ठरवणे होय. त्याच्या नीतीची राखण करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

निष्काळजीपणाचा दोष याहून कमी नाही. यूट्यूबवर यंत्राने कॅप्शन तयार करण्याची सोय २००९ पासून आहे व ती उपयुक्तही आहे. परंतु औषधाविषयीच्या सूचनेतील एक ‘नाही’ गळाला, तर अर्थ उलटा होतो, आणि ज्याच्यासाठी ती अक्षरे लिहिली त्यालाच ती चूक ओळखण्याचा मार्ग नसतो. म्हणून यंत्राचे काम माणसाने वाचून सुधारलेच पाहिजे. शिवाय अनेक कर्णबधिरांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते. कॅप्शन दिले म्हणजे त्यांचे सर्व देणे फिटले, असे मानता येत नाही.

‘आमचे प्रेक्षकच थोडे, त्यांत अंध किती?’ असा प्रश्न लहान संस्था व मंडळ्या विचारतात. खर्च व मनुष्यबळ यांची अडचण खरी आहे. पण ज्यांच्यासाठी दार बंद आहे, त्यांची गणती आत आलेल्यांत कशी होणार? निदान आरंभ तरी अल्प खर्चात करता येतो. वक्त्याने ‘हे पाहा’ म्हणण्याऐवजी काय पाहायचे ते शब्दांत सांगावे. फलकावरील मजकूर मोठ्याने वाचावा. कॅप्शन प्रसिद्ध करण्यापूर्वी तपासावे. आणि हे सारे कितपत साधले, ते अंध व कर्णबधिर व्यक्तींनाच विचारावे. आपल्या साक्षीची पारख त्यांच्याखेरीज दुसरे कोण करणार?