तटासाठी पाडलेले घर

सर्वांच्या रक्षणासाठी एकाचे घर पाडावे लागले, तर ती गरज सिद्ध झाल्यावर त्या एकाचे देणे फिटते काय?

अमेरिकेतील यादवी युद्धात, जुलै १८६१ मध्ये बुल रन येथे संघराज्याच्या सैन्याची दाणादाण उडाली आणि वॉशिंग्टन किती उघडे आहे हे सर्वांना कळून चुकले. पोटोमॅक नदीपलीकडे शत्रूचे व्हर्जिनिया राज्य होते. मग जनरल जॉन बर्नार्ड या अभियंत्याच्या देखरेखीखाली राजधानीभोवती मातीच्या किल्ल्यांचे कडे उभे राहिले. १८६५ पर्यंत त्यात ६८ किल्ले होते, तोफा आठशेहून अधिक, आणि घेर सुमारे ६० किलोमीटरांचा.

उत्तरेच्या रस्त्यावरील किल्ला १८६२ मध्ये वाढवला गेला. तेथे एलिझाबेथ थॉमस या स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रीचे घर व शेत होते. घर पाडले गेले. ११ जुलै १८६४ रोजी जनरल जुबल अर्ली याच किल्ल्यासमोर, म्हणजे फोर्ट स्टीव्हन्ससमोर, येऊन ठाकला. तोफखान्याच्या कसलेल्या पलटणी ग्रँटने आधीच रणभूमीवर नेल्या होत्या, आत मोजकीच शिबंदी होती. तरीही त्या तटाने शत्रूला थबकायला लावले आणि तेवढ्या अवधीत बोटींतून कुमक पोहोचली. राष्ट्राध्यक्ष लिंकन स्वतः तटावर उभे राहून गोळीबार पाहत होते (सेनापतींच्या दृष्टीने हे धाडस नव्हे, डोकेदुखीच असावी). १२ तारखेच्या रात्री अर्ली मागे फिरला.

तेव्हा गरज खरी होती, हे मान्य करू. पण गरज एवढेच सांगते की घर पाडणे भाग होते. पाडणाऱ्याचे देणे उरले नाही, असे ती सांगत नाही. आपण मात्र ही दोन विधाने फार सहज एक करून टाकतो.

यशयाच्या बाविसाव्या अध्यायात संदेष्टा यरुशलेमकरांना सुनावतो, की त्यांनी नगरातील घरे मोजली आणि तट भक्कम करण्यासाठी ती पाडली. भाषांतर करताना येथे लेखणी थांबते. पाडण्यासाठी वापरलेले इब्री क्रियापद अन्यत्र बआलाच्या वेद्या उद्ध्वस्त करण्यासाठी येते. त्याहून बोचते ते ‘मोजली’ हे साधे क्रियापद. मोजणाऱ्याला संख्या दिसते, चूल दिसत नाही. संदेष्ट्याचा रोष तट बांधण्यावर नाही. त्या धांदलीत ज्याच्याकडे पाहायला हवे होते त्या परमेश्वराकडे कोणी पाहिले नाही, यावर आहे. १९७० च्या दशकात नाहमान अविगाद यांना यरुशलेमात सुमारे सात मीटर रुंदीचा तट सापडला. त्याच काळातला तो मानतात. त्याच्या पायाखाली पाडलेल्या घरांचे अवशेष निघाले; त्यांच्या मालकांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत.

एलिझाबेथचे नाव तरी उरले. किल्ल्याला मात्र नाव मिळाले ते १८६२ मध्ये धारातीर्थी पडलेल्या जनरल आयझॅक स्टीव्हन्स यांचे. युद्ध संपल्यावर बहुतेक किल्ल्यांच्या जमिनी मूळ मालकांना परत करण्यात आल्या, खंदक आणि मातीच्या ढिगाऱ्यांसह.