‘पवित्र’ हे विशेषण नेमके कशाचे?

‘खारे पाणी’ आणि ‘पवित्र पाणी’ या दोन्ही प्रयोगांत विशेषण नामाआधी सारख्याच जागी बसते. व्याकरणाला त्यांत फरक दिसत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला मात्र तो दिसतो. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीच्या उल्काविवराच्या तळाशी खारे, अल्कधर्मी सरोवर आहे. वर काठाला गोमुखाची गोड्या पाण्याची धार आहे आणि भाविकांचे तीर्थस्नान तिथले. खारेपणा जिभेला कळतो, प्रयोगशाळेत मोजता येतो. धारेचे पावित्र्य कशाने मोजायचे?

वैशेषिक दर्शनाच्या तत्त्वज्ञांचे उत्तर अनपेक्षित आहे. त्यांच्या मते पाण्याचा स्वतःचा रस फक्त मधुर. खारटपणा किंवा आंबटपणा पार्थिव अंश मिसळल्याने येतो, म्हणजे तो औपाधिक. लोणारचे सरोवर खारे आहे, पण तिथले पाणी, पाणी म्हणून, खारे नाही! वैशेषिक भाष्यकार प्रशस्तपादांच्या 24 गुणांच्या यादीत पावित्र्य तर मुळीच नाही. धर्म आहे, पण तो आत्म्याचा गुण.

पावित्र्य वस्तूत असते की माणसात, हा वाद यज्ञातल्या तांदुळावर पाणी शिंपडण्यावरून, म्हणजे प्रोक्षणावरून रंगला. वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांच्या मते प्रोक्षणाने धान्यातच काही अदृश्य ‘अतिशय’, म्हणजे नवा विशेष, उत्पन्न होतो. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे, उदयनाचार्य यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ते नाकारले: संस्कार घडतो तो प्रोक्षण करणाऱ्या पुरुषावर, दाण्यावर नाही.

उदयनांचे म्हणणे अधिक पटते. ‘शुद्ध’ आणि ‘पवित्र’ ही विशेषणे एकमेकांची जागा घेत नाहीत, याचा उलगडा त्याने होतो. बाटलीबंद पाणी शुद्ध असते, पण त्याला कोणी तीर्थ म्हणत नाही. गढूळ गोदावरीत मात्र पर्वणीचे स्नान होते. तरीही एक अडचण उरते. पुण्य जर स्नान करणाऱ्यालाच लागते, तर त्यासाठी धारेवरच का जायचे, घरचा नळ का चालत नाही? नैयायिक याचे उत्तर विधीत शोधतात: शास्त्राने स्थळ ठरवून दिले आहे. लोणारात ते स्थळ विष्णूने लोणासुराचा वध केल्याच्या कथेने ठरते. गावातील दैत्यसूदन मंदिर त्याच कथेवर उभे आहे.

भक्तिमार्गाने हे विशेषण स्थळावरून माणसाकडे नेले. नारदभक्तिसूत्रांत भक्तच तीर्थांना तीर्थपण देतात. याच जिल्ह्यातील शेगावचे क्षेत्रपण त्या क्रमाने आले: तिथे 1878 साली गजानन महाराज प्रकटले, 1910 साली त्यांनी समाधी घेतली, आणि गाव क्षेत्र झाले ते त्यांच्यामुळे.