दोन घरचा पाहुणा

इचलकरंजीचे जहागीरदार घोरपडे मुळात जोशी. कोकणातून घाटावर आलेल्या नारो महादेव जोशी यांना संताजी घोरपड्यांच्या पदरी थारा मिळाला आणि त्यांनी धन्याचं आडनावच लावलं. पुढे त्यांचा मुलगा व्यंकटराव याला बाळाजी विश्वनाथांनी आपली लेक अनूबाई दिली. थोरल्या बाजीरावांची ही बहीण. म्हणजे आडनाव कापशीच्या मराठा सेनापतीचं, सोयरीक पुण्याच्या पेशव्यांची आणि जमीन कोल्हापूरच्या छत्रपतींच्या उंबऱ्याला लागून. पुणे आणि कोल्हापूर यांचं बिनसलं की पहिली झोप उडायची ती इचलकरंजीची. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी या संस्थानचा इतिहास लिहिला, तो एका अर्थी या कसरतीचाच इतिहास आहे.

असाच एक वर्ग आयर्लंडमध्ये होता. पूर्वज इंग्लंडहून आलेले, जमीनजुमला आयरिश. लंडनच्या दिवाणखान्यात त्यांना आयरिश म्हणत आणि गावची कुळं त्यांना इंग्रज समजत. त्यांच्यात बॅरोनेट पुष्कळ. 'सर' ही पदवी पिढीजात, पण उमरावांच्या सभागृहात तिच्या जोरावर जागा नाही. राजकारण करायचं तर लोकांसमोर मतं मागायला उभं राहायचं. (मुंबईच्या जमशेटजी जीजीभाईंना १८५७ मध्ये मिळाली ती हीच पदवी.) सर होरेस प्लंकेट हा बॅरोनेट नव्हे, लॉर्डाचा धाकटा मुलगा, पण पंगत तीच. खासदारकी केली, त्याहून मोठं काम म्हणजे १८८९ पासून आयरिश शेतकऱ्यांच्या सहकारी दूधसंस्था उभारल्या. सहकारी दुधावर वाढलेल्या कोल्हापूरच्या वाचकाला या माणसाची ओळख वेगळी करून द्यायला नको. जानेवारी १९२३ मध्ये, आयर्लंडमधल्या यादवीत, बंडखोरांनी डब्लिनजवळचं त्याचं घर सुरुंग लावून आणि आग लावून संपवलं. नव्या आयरिश सिनेटमध्ये बसला, एवढा गुन्हा पुरला.

इचलकरंजीचे नारायणराव बाबासाहेब घोरपडे प्लंकेटच्याच काळातले. १८९२ पासून १९४३ पर्यंत, म्हणजे अर्धशतकभर, जहागीर त्यांच्या हाती होती. वर दोन धनी: कोल्हापूर दरबार आणि इंग्रज सरकार. १८६२ च्या करारानेच मोठ्या जहागीरदारांवर इंग्रजांची नजर बसवली होती, त्यामुळे दरबाराशी दर्जाचा वाद निघाला की दाद मागायला दुसरं दार उघडंच असे. शाहू महाराजांच्या बाजूने पाहिलं तर हे दार म्हणजे राज्याच्या भिंतीला पाडलेलं भोकच होतं. नारायणरावांनी मुंबईच्या कायदेमंडळात सरदारांचं प्रतिनिधित्व केलं, विलायत पाहिली आणि १९१४ मध्ये इंग्रजांच्या राहणीवर, स्वभावावर इंग्रजीत पुस्तक छापलं. राजनिष्ठ? होय. ते झाकण्यात अर्थ नाही.

पण एवढ्यावर निकाल लावणं मला आळशीपणाचं वाटतं. मधल्या माणसाला राजनिष्ठेच्या तराजूत घातलं की तो नेहमी खोटाच ठरतो, कारण तराजू दोन असतात. त्याने लावलेलं झाड त्याच्यावाचून जगलं का, हे पाहावं. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीचे दरबारगवई होते. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ते गाणं दरबाराबाहेर, शाळेत नेलं. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग बसवला. आश्रय वाड्याचा होता, पण खडखडाट पुढे हजारो घरांतला झाला. त्याचं सगळं श्रेय वाड्याला देणाऱ्यांनी एक रात्रपाळी मागावर उभं राहून बघावं.

आगी आपल्याकडेही लागल्या. १९४८ मध्ये, गांधीहत्येनंतर, कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. मात्र ती आग जात विचारत आली. आयर्लंडमधली खुर्ची आणि जमीन विचारत आली होती. आपल्याकडे जमिनीचा हिशेब कुळकायद्याने, कचेरीत केला. मला यात शहाणपणही दिसतं आणि थोडी पळवाटही, कारण जातीचा हिशेब कुठल्याच कचेरीत झाला नाही.

इचलकरंजीच्या राजवाड्यात आता वस्त्रोद्योग आणि अभियांत्रिकीचं महाविद्यालय भरतं. १९८२ मध्ये ते सुरू करणाऱ्या संस्थेला नाव जहागीरदारांचं नाही, सहकारातल्या दत्ताजीराव कदमांचं आहे. पत्त्यात मात्र अजून 'राजवाडा' असंच लिहितात.