पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरचा ठोसा

खोट्या जिवाला मारलं तर पाप लागतं का? भगिनींनो, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. यशोधर राजाची कथा तुम्ही प्रवचनात ऐकलीच असेल. सोमदेवसूरींनी ९५९ साली ती संस्कृत 'यशस्तिलक'मध्ये सांगितली, जन्न कवीने १२०९ साली कन्नडमध्ये. वाईट स्वप्नाचं निमित्त झालं आणि आई चंद्रमतीने राजाला देवीपुढे बळी द्यायला सांगितलं. राजा जीव मारायला तयार होईना. मग आईनेच मधला मार्ग काढला : पिठाचा कोंबडा करू, तोच काप. रक्त नाही की प्राण नाही. तरीही त्या एका वारापायी राजा मोर झाला, आई कुत्रा झाली, आणि पुढे दोघं जन्मामागून जन्म फिरत राहिली. तलवार पिठावर पडली, पण मनात बळी होता. हीच भावहिंसा.

हा कोंबडा मला यंदा निपाणीला बहिणीच्या घरी आठवला. तिच्या सातवीतल्या मुलाकडे हातात मावणारं एक यंत्र आहे, त्यात जुने शेकडो गेम भरलेत. त्याचा आवडता 'बास्केटब्रॉल'. अटारी कंपनीच्या 'लिंक्स' या हातात धरून खेळायच्या यंत्रावर तो १९९२ साली आला होता. खेळ गल्लीतल्या बास्केटबॉलचा. पण समोरच्याला ठोसे मारायचे, हत्यार मिळालं तर उचलायचं. फाऊल म्हणून काही नाहीच.

बहीण म्हणाली, "अगं, खोटंच तर आहे ते. उन्हात हिंडण्यापेक्षा बरं." चंद्रमती तरी वेगळं काय म्हणाली होती?

मुलाला मी कथा सांगितली. तो म्हणाला, "मावशी, राजाला कोंबडा मारायचाच होता. मला बॉल टाकायचाय. ठोसा नुसता मधे येतोय."

हे उत्तर झटकून टाकण्यासारखं नव्हतं. उमास्वामींनी हिंसेच्या व्याख्येत प्राण जाण्याच्या आधी प्रमाद ठेवलाय. म्हणजे मन कुठं होतं, हे आधी बघायचं. बुद्धिबळात आपण घोडा 'मारतो', त्याला कुणी हिंसा म्हणत नाही. मन चालीत असतं.

मी म्हटलं, "मग ठोसा न मारता खेळून दाखव." त्यानं तीन डाव तसे खेळले. तिन्ही हरला. चौथ्यात बॉल सोडून तो एकाच गड्याच्या मागं लागला. ओठ आवळलेले, कान लाल. "आता ह्याला सोडत न्हाई!" बॉलकडं त्याचं लक्षही नव्हतं. मला वाटतं, पिठाचा कोंबडा त्या क्षणी जिवंत झाला.

खऱ्या बास्केटबॉलमध्ये धक्का मारला की फाऊल, पाच फाऊल झाले की मैदानाबाहेर. समोरच्यालाही अंग आहे, ते दुखतं, हे तो नियम लक्षात ठेवतो. या गेमनं नेमकं तेवढंच काढून टाकलंय. मग शिट्टी खेळणाऱ्यानंच स्वतःवर वाजवायची. आपलं प्रतिक्रमण तरी दुसरं काय आहे?

निपाणी भागात आपली कितीतरी घरं शेतीवर जगतात. नांगराखाली जीव मरतात. गृहस्थाला ते टळत नाही, म्हणून शास्त्रानं त्याला उद्योगी हिंसा म्हणून वेगळं काढलं. खेळाला ती सवलत नाही, त्यावर कुणाचं पोट नाही. विनाकारण घडणाऱ्या पापाला समंतभद्राचार्यांनी अनर्थदंड म्हटलं. त्याच्या पाच प्रकारांत दुसऱ्याचं वाईट चिंतणं, म्हणजे अपध्यान, येतं. आणि हिंसेचं साधन दुसऱ्याच्या हाती देणं, म्हणजे हिंसादान, तेही येतं. पहिलं पोराचं असेल. दुसरं आपलं, घरातल्या मोठ्यांचं.

म्हणून यंत्र हिसकावून घ्या, असं मी म्हणत नाही. हिसकावणं हाही ठोसाच. जवळ बसा. पोर तापलं की एवढंच विचारा, "बॉल कुठं आहे रे?"

"पण मावशी, न मारता हरायलाच होतंय की!" असं तो म्हणाला होता. हो बाळा, तिथं हरशील. अहिंसा ही जिंकायची युक्ती नव्हे. हरूनही मन जाग्यावर राहिलं, तर त्या दिवशी तेवढं पुष्कळ झालं.