सुटकेनंतरचे पंधरा दिवस

गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या, अतिसेवनाने माणूस मरतो तो व्यसनाच्या ऐन भरात, असा आपला समज असतो. पुष्कळदा तो मरतो व्यसन सुटल्यासारखे वाटत असताना. रोज हेरॉइन घेणाऱ्याचे शरीर त्याला सरावते आणि वाढती मात्राही पेलते. तुरुंगात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात काही आठवडे काढले की तो सराव मोडतो. ओढ मात्र मोडत नाही. मग बाहेर आल्यावर एखाद्या संध्याकाळी हात जुन्याच मात्रेकडे जातो आणि तीच मात्रा श्वास थांबवते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिसेवनाने मरण्याचा त्यांचा धोका इतर रहिवाशांच्या १२९ पट निघाला. म्हणजे ‘आधी सोड, मग बघू’ हे धोरण ज्याला सोडायला लावते, त्यालाच सर्वांत धोक्याच्या वळणावर एकटे टाकते.

या वळणासाठी नॅलॉक्सोन हे औषध आहे. ते हेरॉइनचा मेंदूवरचा ताबा हटवते आणि काही मिनिटांत श्वास परत आणते. त्याचा अंमल तास-दीड तासात ओसरतो, म्हणून दवाखाना टळत नाही. पण तिथवर पोहोचायला माणूस जिवंत राहतो. बेशुद्ध पडलेला स्वतः ते घेऊ शकत नाही, म्हणून शेजारच्याकडे ते हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये हेच सुचवले. स्कॉटलंडने २०११ पासून तुरुंगातून सुटणाऱ्यांच्या हाती नॅलॉक्सोन द्यायला सुरुवात केली. अफूवर्गीय पदार्थांमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी सुटकेनंतरच्या चार आठवड्यांत होणाऱ्यांचा वाटा आधी ९.८ टक्के होता; पहिल्या तीन वर्षांत तो ६.३ टक्क्यांवर आला. या घटीचे सगळे श्रेय एकट्या औषधाचे असेलच असे नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

जीव वाचवण्याची सोय केली तर नशा वाढेल, ही भीती प्रामाणिक आहे. घरातला मुलगा गमावण्याच्या बेतात असलेल्या आईबापांना ती वाटणारच. पण नॅलॉक्सोन नशा देत नाही, उतरवते, आणि उतरवताना माणसाला थेट टर्कीत, म्हणजे नशा तुटल्यावरच्या यातनेत, ढकलते. त्या यातनेच्या भरवशावर कोणी जास्त पुडी ओढणार नाही. नॅलॉक्सोनवरचा पैसा व्यसनमुक्तीच्या उपचारांवर खर्चावा, असेही म्हटले जाते. मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती संस्थांनी १९८६ पासून महाराष्ट्राला सांगितले की व्यसन हा आजार आहे. मग घसरण हाही त्या आजाराचाच भाग, आणि तिच्यातून वाचलेलाच पुन्हा केंद्राची पायरी चढू शकतो.

खरी अडचण बेशुद्ध पडलेल्याच्या सोबत नशा करणाऱ्या दुसऱ्या माणसाची आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ नुसार हेरॉइनच्या सेवनाला एक वर्षापर्यंतची कैद होऊ शकते. सोबत्याने रुग्णवाहिका बोलावली, तर पोलीस आधी त्यालाच धरतील, ही त्याची धास्ती अनाठायी नाही. रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला उचलणाऱ्याला मोटार वाहन कायद्याने २०१९ मध्ये संरक्षण दिले: त्याने नाव सांगण्याचीही सक्ती नाही. तेच संरक्षण या सोबत्याला द्यावे आणि केंद्रातून घरी निघालेल्याच्या आईच्या पिशवीत गोळ्यांसोबत नॅलॉक्सोनही असावे.