द्रष्ट्यागणिक दृश्य, आणि त्यापलीकडचे

१९०५ साली बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरीस असलेल्या आइन्स्टाइनने सापेक्षतेवरील आपला पहिला निबंध ज्या शंकेने आरंभिला, ती वरकरणी क्षुल्लक वाटावी अशी होती: तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलविला काय, किंवा चुंबकाजवळ वेटोळे हलविले काय, उत्पन्न होणारा विद्युत्प्रवाह तोच; मग पहिल्या प्रसंगी विद्युत्क्षेत्र निर्माण झाले म्हणावयाचे आणि दुसऱ्या प्रसंगी ते मुळीच नव्हते म्हणावयाचे, हा दुजाभाव कशासाठी?

गणितज्ञ मिन्कोव्स्कीने १९०८ मध्ये या शंकेला गणिती रूप दिले. विद्युत्क्षेत्राचे तीन आणि चुंबकीय क्षेत्राचे तीन घटक त्याने अवकाश-काळाच्या चार दिशांच्या एकाच कोष्टकात बसविले. या १६ घरांच्या टेन्सरचा धर्म असा की दिशांचा क्रम उलटताच घटकाचे चिन्ह उलटते. त्यामुळे कर्णावरील ४ घरे शून्य होतात, उरलेली १२ जोडीजोडीने बांधली जातात, आणि स्वतंत्र अशा सहाच राशी राहतात. विद्युत्भाराची अक्षय्यता निराळी गृहीत न धरताही समीकरणांतून निष्पन्न होते, ती याच प्रतिसममितीमुळे. हे मला फार मोलाचे वाटते.

निरीक्षकाचा वेग बदलला की या सहा राशी परस्परांत मिसळतात. येथे काही विद्वान शांकरमतातील विवर्ताचा, म्हणजे दोरीच्या ठायी सर्प दिसावा तशा भासाचा, दाखला देतात, तो मला मान्य नाही. दोरीचे ज्ञान होताच सर्प बाधित होतो. टेन्सरच्या ज्ञानाने मात्र विद्युत्क्षेत्र बाधित होत नाही, कोणाचेही मापन असत्य ठरत नाही. प्रत्येक विधानाला त्याच्या दृष्टीच्या मर्यादेत सत्य मानणारा जैनांचा नयवाद येथे अधिक समर्पक आहे.

परंतु या निरनिराळ्या कैफियतींना वाटेल तशी मुभा नाही. योग्य एककांत घेतलेल्या दोन्ही क्षेत्रांच्या वर्गांतील अंतर आणि त्यांचा अदिश गुणाकार, या दोन राशी सर्व निरीक्षकांना सारख्याच मिळतात. म्हणूनच एखाद्या बिंदूशी कोणा एकाला निव्वळ चुंबकीय क्षेत्र आढळले, तर दुसरा कितीही वेगाने धावो, त्याला तेथे निव्वळ विद्युत्क्षेत्र आढळणार नाही. सापेक्षतेच्या नावाने ‘सत्य ज्याचे त्याचे’ असे सांगणाऱ्यांचा दावा या दोन राशींपुढे टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.